धनिकांचा चितारी

‘धनिकांचा चितारी’ एवढे दोन शब्द उच्चारले, कीं आमच्या सुशिक्षित मंडळींस एखाद्या चित्रकाराविषयीं आणखी कांहीं बोलण्याची गरज वाटत नाहीं. अमीर-उमरावांच्या बायकांचीं चित्रें काढून ज्यानें पैसा मिळविला तो भाट, आणि भाटाचें कवन वाचावयाचें कशाला, असा हा न्याय! परवां एका विद्वान् स्नेह्यांनीं जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकन चित्रकाराचा निकाल असाच एका वाक्यांत लाविला. मत त्यांच्या एकट्याचें असतें, तर मीं लेखणी उचलली नसती. परंतु १९२५ त सार्जंट वारला, आणि पुढच्याच वर्षीं रॉजर फ्राय यांच्यासारख्या मोठ्या इंग्रज टीकाकारानेंही त्याला कलावंतांच्या पंक्तींतून उठविलें; आणि मोठ्यांनीं उठविलेल्या माणसाला पुन्हा पाटावर बसविण्याचें धैर्य आमच्यांत सहसा नसतें.

या निकालाविरुद्ध मी एकच साक्षीदार उभा करतों. बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयांत सार्जंटचें एक लहानसें तैलचित्र आहे. जेमतेम हातभर रुंद अशा फळीवर १८८२-८३ च्या सुमारास केलेला तो नुसता अभ्यास आहे. पॅरिसमधील एका पेढीवाल्याची पत्नी व्हर्जिनी गोत्रो मेजावरून हात लांबवून मद्याचा पेला पुढें करीत आहे. मेजावरचीं फुलें म्हणजे रंगाचे चार फटकारे. परंतु तो उघडा हात आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरणारी ती तीक्ष्ण रेषा यांची जागा केसभरही चुकलेली वाटत नाहीं. ही बाई सौंदर्याविषयीं प्रसिद्ध होती. भाटानें तिचे डोळे आपणांकडे वळविले असते, ओठांवर मंद हास्य ठेविलें असतें. सार्जंटनें तिला आपली दखलही घेऊं दिली नाहीं.

आतां पैशाची गोष्ट. हिचें चित्र कोणी मागविलेंच नव्हतें; चित्रकारानेंच तिला बसण्याची गळ घातली होती. १८८३ च्या उन्हाळ्यांत ब्रिटनीमधील तिच्या वाड्यांत राहून त्यानें पुष्कळ टिपणें केलीं, आणि त्यांतून सिद्ध झालेलें मोठें चित्र १८८४ त पॅरिसच्या ‘सालों’ प्रदर्शनांत लागलें. खांद्यावरून घसरलेला झग्याचा पट्टा आणि प्रेतासारखा पांढरा वर्ण पाहून पॅरिस खवळलें. बाईची आई रडत चित्रशाळेंत आली व चित्र काढून घ्या म्हणाली. सार्जंटनें साफ नकार दिला. ती जशी नटली होती तशीच रंगविली, हें त्याचें उत्तर. मौज अशी, कीं वर सांगितलेला लहान अभ्यास त्यानें मैत्रीची खूण म्हणून याच आईच्या नांवें अर्पण केला आहे! हा कसला भाट?

प्रदर्शन संपल्यावर त्यानें तो पट्टा खांद्यावर चढविला, हें खरें. प्रतिपक्षानें तेवढें अवश्य घ्यावें. पुढें इंग्लंडांत त्यानें हुकमी चित्रें ढिगांनीं काढलीं, आणि त्यांतील कांहींत रेशमापलीकडे फारसें कांहीं नाहीं, हेंही मी मान्य करतों. परंतु त्या कामाचा वीट प्रथम त्यालाच आला, व १९०७ च्या सुमारास त्यानें तें बहुतेक बंद केलें. १९१८ त, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, हाच धनिकांचा चितारी रणभूमीवर गेला, आणि विषारी वायूनें आंधळे झालेल्या, डोळ्यांस पट्ट्या बांधलेल्या शिपायांची रांग त्यानें वीस फूट लांबीच्या चित्रांत उभी केली. गोत्रोबाईचें चित्र तीस वर्षांहून अधिक काळ त्याच्याजवळच होतें. १९१६ त न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास तें हजार पौंडांस देतांना, आपल्या हातून झालेलें हेंच बहुधा सर्वोत्तम, असें त्यानें लिहिलें.

अजिंठ्याचें सोळावें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा प्रधान वराहदेव यानें करविलें. म्हणून तेथील भिंतींवरचीं चित्रें कोणी भाटगिरी म्हणत नाहीं. मग सार्जंटला निराळा कायदा कां? पैसा कोणीं दिला हें विचारणें हिशेबनिसाचें काम आहे. टीकाकारानें चित्र पाहावें. आणि तेवढा वेळ नसेल, तर निदान मुलांसमोर मत देऊं नये. न पाहतां नाक मुरडण्याची विद्या तीं फार लवकर उचलतात.