वाळवंटात राहायचंच कशाला?

मेलबर्नमधल्या आमच्या ऑफिसात मोठी मीटिंग एका वंदनाने सुरू होते. ही भूमी वुरुंजेरी लोकांची, त्यांच्या पूर्वजांना आमचा आदर, वगैरे. अर्ध्या मिनिटात ते उरकतं आणि पुढची स्लाइड येते. शनिवारी मराठी मित्रांकडे जेवायला जमलो आणि आदिवासी वस्त्यांचा विषय निघाला, की श्रीखंड वाढता वाढता कुणीतरी विचारतंच, "पण एवढ्या वाळवंटात राहायचंच कशाला? शहरात यावं ना!"

हा प्रश्न भोळा नाही. 2015 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात दीडशेपर्यंत वस्त्या बंद करण्याची भाषा सुरू होती. तेव्हाचे पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी दूरच्या वस्तीत राहणं ही 'जीवनशैलीची निवड' ठरवली आणि करदात्यांनी तिचा भार का उचलावा, असा सूर लावला. आपल्या पंगतीतला प्रश्न तोच आहे, फक्त मराठीतला.

आता लारांबा बघा. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे 200 किलोमीटरवरची, दोन-तीनशे माणसांची वस्ती. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 0.017 मिलिग्रॅमपर्यंत युरेनियम चालेल, असा तेव्हाचा राष्ट्रीय निकष होता. लारांबाच्या नळाला 0.046 येत होतं. पाणी उकळून युरेनियम जात नाही. पाणी आटतं, ते मागे उरतं. लोक सरकारी घरांत भाड्याने राहतात, म्हणून ते घरमालकाविरुद्ध, म्हणजे सरकारविरुद्ध, न्यायाधिकरणात गेले. 2020 मध्ये उत्तर मिळालं, पाण्यातलं युरेनियम ही घरमालकाची जबाबदारी नाही. पुढे अपील झालं. शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं 2023 मध्ये. मी इंजिनियर आहे म्हणून सांगतो, पाण्यातून युरेनियम काढणं ही काही नव्याने शोधायची विद्या नव्हती. अडलं होतं ते जबाबदारी कुणाची, यावर.

"पण वाळवंटात पाणीच कुठे आहे?" आहे. टेनंट क्रीकच्या दक्षिणेला सिंगलटन नावाचं गुरांचं कुरण आहे. 2021 मध्ये नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने तिथे निर्यातीची फळं-भाजी पिकवण्यासाठी एका कंपनीला भूजलाचा परवाना दिला. वर्षाला 40,000 मेगालिटरपर्यंत, म्हणजे 4,000 कोटी लिटर. मुदत 30 वर्षं. पाण्याची किंमत शून्य. हिशेब करा. तीनशे माणसांच्या वस्तीला माणशी रोज 200 लिटर दिलं, तरी वर्षाला 2 कोटी 19 लाख लिटर होतात. म्हणजे एका परवान्यात अशा अठराशे वस्त्यांचं पाणी. जवळच्या आदिवासींनी विरोध केला, कारण भूजल खाली गेलं की झरे, झाडं आणि त्यांच्याशी बांधलेली पवित्र स्थानं जातात. कंपनीला मात्र कुणी विचारलं नाही, की बाई गं, वाळवंटात शेती कशाला?

अन्नाचंही तेच. दूरच्या वस्तीत बहुधा एकच दुकान असतं. ट्रक शेकडो किलोमीटरवरून येतो, पावसाळ्यात रस्ता बंद. वाहतूक महाग पडते हे खरंच आहे. 2025 मध्ये केंद्र सरकारने 30 जिनसा शहरी भावात देण्याची योजना जाहीर केली, चांगलं झालं. पण घेतलेलं दूध ठेवायचं कुठे? टेरिटरीतल्या अशा बहुतेक घरांना विजेचे प्रीपेड मीटर आहेत. रिचार्ज संपला की फ्रिज बंद. 28 वस्त्यांच्या अभ्यासात 2018-19 या एका वर्षात 91 टक्के घरांची वीज किमान एकदा तरी अशी गेली होती. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मग टिकतं ते मैदा, साखर आणि चहा. गुरांच्या मळ्यांनी पाणवठे बळकावले, तेव्हा आदिवासींना राबवून शिधा म्हणून दिलं जायचं तेही पीठ, साखर, चहा आणि खारवलेलं गोमांस. याच वागणुकीविरुद्ध 1966 मध्ये गुरिंजी मजूर वेव्ह हिलचा मळा सोडून बाहेर पडले होते. साठ वर्षं होत आली.

आणि तो 'कशाला' आपण विचारतो? आपण, जे कोकणातलं पडकं घर विकायचं म्हटलं की भाऊबंदांत कोर्टात जातो? विमानाची तिकिटं काढून कुलदैवताला जाऊन येतो? त्यांची दैवतं झऱ्यांत आणि खडकांत आहेत, ती उचलून मेलबर्नच्या फ्लॅटमधल्या देव्हाऱ्यात मांडता येत नाहीत.

टेरिटरीची निम्मी जमीन आज कायद्याने आदिवासींची आहे. जमीन परत दिली आणि तिच्याखालचं पाणी परवान्याने दुसऱ्याला दिलं, तर नेमकं काय परत दिलं? पुढच्या मीटिंगमध्ये ते वंदन म्हणण्याची पाळी माझी आहे. ते म्हणून झाल्यावर मी लारांबाचा आकडा सांगणार आहे. पुढची स्लाइड थांबेल थोडी.