फुकट बातमीची किंमत

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू करून मराठी वृत्तपत्रसृष्टीचा पाया घातला. १८४० मध्ये ते बंद पडले. तेव्हापासून मराठी पत्रकारितेपुढे एक प्रश्न सतत उभा आहे : वृत्तपत्राचा खर्च उचलायचा कोणी? ‘केसरी’च्या काळात वर्गणीदार हा पत्राचा मोठा आधार होता. विसाव्या शतकात ही जागा जाहिरातदाराने घेतली. १९९४ मध्ये दिल्लीत ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने अंकाची किंमत एकदम उतरवली आणि देशात किंमतयुद्ध पेटले. दारात पडणाऱ्या अंकाची किंमत त्याच्या निर्मितिखर्चाच्या कितीतरी खाली गेली. वाचकाला हा सौदा लाभाचा वाटला. परंतु खर्चाचा भार टाकताना त्याने पत्रावरील आपला हक्कही गमावला. वाचक हा ग्राहक उरला नाही, जाहिरातदाराला दाखवायची शिरगणती तेवढी उरली.

या व्यवस्थेची विषारी फळे इंटरनेटच्या आधीच दिसू लागली होती, असे म्हणावे लागेल. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत ‘पेड न्यूज’ म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रकार गाजला आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाला त्याविषयी अहवाल द्यावा लागला. पत्राचा पोशिंदा बदलला की त्याची निष्ठाही बदलते, हा त्यातील बोध.

पुढे इंटरनेटने जाहिरातींचा आधारही खचवला. विवाह, नोकरी, घरखरेदी यांच्या छोट्या जाहिराती स्वतंत्र संकेतस्थळांकडे गेल्या. मोठ्या जाहिराती गूगल आणि फेसबुकने ओढून घेतल्या. अमेरिकेतील वृत्तपत्रांचे जाहिरात-उत्पन्न २००५ मध्ये सुमारे ४९ अब्ज डॉलर होते. २०२० मध्ये ते १० अब्जांच्या आत आले. भारतात ही घसरण संथ असली तरी दिशा तीच आहे. विशेष म्हणजे हे संकट ओढवून घेण्यात वृत्तपत्रांचाही वाटा आहे. संकेतस्थळावरील जाहिराती खर्च भरून काढतील या भरवशावर त्यांनीच आपला माल फुकट वाटला आणि बातमीला मोल नसते, ही सवय वाचकाला लावली.

ही सवय मोडता येते, हे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवून दिले. १९९६ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या संकेतस्थळाने २००५ मध्ये स्तंभलेखनापुरते शुल्क लावून पाहिले. तो प्रयोग २००७ मध्ये गुंडाळावा लागला. तरीही माघार न घेता मार्च २०११ मध्ये नवी पद्धत आली : महिन्याला वीस लेख मोफत, पुढे वर्गणी. २०२३ अखेर एकूण वर्गणीदार एक कोटीच्या वर गेले. ब्रिटनच्या ‘गार्डियन’ने दुसरी वाट धरली, मजकूर सर्वांना खुला ठेवून वाचकांकडे ऐच्छिक निधी मागितला. वाटा भिन्न, पण दोन्हींचे सूत्र एकच : पुन्हा वाचकाच्या दारी जाणे.

अर्थात ही उदाहरणे जशीच्या तशी उचलता येणार नाहीत. जगभर इंग्रजी वाचक असलेल्या पत्राला जे साधले, ते जिल्हापत्राला साधेलच असे नाही. खुद्द अमेरिकेत २००५ नंतर तीन हजारांहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली आणि त्यांत साप्ताहिके नि स्थानिक पत्रेच बहुसंख्य होती. कायद्याचा आधारही मर्यादित आहे. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये बड्या कंपन्यांना बातम्यांचे मोल देण्यास भाग पाडणारा कायदा केला. मात्र तशाच कायद्यानंतर २०२३ मध्ये कॅनडात फेसबुकने बातम्याच बंद केल्या. भारतात स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. असे उपाय आवश्यक आहेतच. पण ज्याचे अस्तित्व दुसऱ्याच्या दयेवर अवलंबून आहे, त्याला स्वतंत्र कसे म्हणावे?

मराठीपुढील प्रश्न त्याहून जिव्हाळ्याचा आहे. दिल्लीची किंवा वॉशिंग्टनची बातमी शंभर ठिकाणी मिळते. नगरपालिकेच्या सभेत कोणता ठराव घुसवला गेला, बाजार समितीच्या हिशेबात काय दडले आहे, धरणाचे पाणी कोणत्या गावाला नाकारले गेले, हे सांगणारा मात्र तालुक्याचा मराठी वार्ताहरच असतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत राज्यात घरोघरी अंक टाकण्यास मनाई झाली, तेव्हा अंकांच्या प्रती व्हॉट्सअ‍ॅपवरून हातोहात फिरल्या. वाचनाची भूक आटलेली नव्हती; मोल देण्याची रीत तेवढी हरवली होती. त्या फुकट प्रतीमागे उभ्या असलेल्या वार्ताहराचे मानधन कोठून येणार, याचा विचार फार थोड्यांनी केला.

म्हणून कर्तव्य दुहेरी आहे. वृत्तपत्रांनी जाहिरात आणि बातमी यांतील भिंत पुन्हा उभारावी. विश्वास गमावलेल्या पत्राने वर्गणी मागू नये. आणि मोबाइलच्या रिचार्जसाठी दरमहा शेकडो रुपये सहज मोजणाऱ्या मराठी कुटुंबाने, विश्वासास पात्र असलेल्या एका तरी पत्राची वर्गणी, मग ते कागदावर असो वा पडद्यावर, नियमाने भरावी. जो समाज आपल्या भाषेतील पत्राचे मोल देत नाही, त्याच्या बातम्या कोणीतरी दुसराच विकत घेतो आणि आपल्या सोयीने सांगतो.