आजीबाईंचे सफरचंद

फळवाल्याकडे हिरवीगार सफरचंदे मांडलेली दिसली की नवख्या गिऱ्हाइकाला वाटते, मेल्याने कच्चीच आणली! ती कच्ची नसतात; त्यांची जातच हिरवी. नाव ‘ग्रॅनी स्मिथ’, म्हणजे आपल्या भाषेत स्मिथ आजी. ही आजी कोणा व्यापाऱ्याच्या डोक्यातून निघालेली नाही, खरोखरच होऊन गेली आहे. तिची हकीकत मला फार आवडते.

तिचे नाव मारिया ॲन. जन्म १७९९ सालचा, इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातला. बाप शेतमजूर आणि १८१९ साली जन्माची गाठ पडली तो टॉमस स्मिथही शेतमजूरच. आठ मुले झाली, त्यांतली तीन तान्हेपणीच गेली. उरलेली पाच लेकरे घेऊन हे जोडपे जहाजात बसले आणि १८३८ साली ऑस्ट्रेलियात सिडनीला उतरले. पुढे सतरा-अठरा वर्षांनी जवळच ईस्टवुड येथे त्यांची स्वतःची २४ एकर जमीन झाली आणि तिच्यात फळबाग उभी राहिली.

१८६८ च्या सुमारास या बागेच्या ओढ्याकाठी एक सफरचंदाचे रोप दिसले. ते कोणी लावलेले नव्हते. फेकून दिलेल्या फळांच्या बियांतून ते रुजले असावे, असे सांगतात. त्याची फळे हिरवी, आंबटसर, रांधायला उत्तम. आजीबाईंची सत्तरी जवळ आलेली, नवरा आजाराने खचलेला. तरी ते झाड त्यांनी जोपासले. आणि ९ मार्च १८७० रोजी त्या गेल्या.

आता कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको की हापूसची बाठ पुरली म्हणून हापूसच येतो असे नाही. तिथे कलमच बांधावे लागते. सफरचंदाचेही तसेच. एका आईची पाच लेकरे पाच तऱ्हांची, तशी त्याची प्रत्येक बी निराळी. म्हणजे त्या झाडाच्या काड्या कोणी नेल्या नसत्या, तर ते फळ झाडाबरोबरच संपले असते.

पण आसपासच्या बागायतदारांनी कलमे केली. त्यांतल्या एडवर्ड गॅलर्डने तर मोठी लागवड केली आणि १८७६ साली टॉमस वारल्यावर स्मिथांची जमीनही त्यानेच घेतली. १८९१ साली कॅसल हिलच्या प्रदर्शनात या फळाला बक्षीस मिळाले. १८९५ साली सरकारी शेतकी खात्याने परदेशी पाठवण्यास योग्य म्हणून त्याची शिफारस केली.

यातले काहीच आजीबाईंनी पाहिले नाही. जमीन दुसऱ्याची झाली, नाव मात्र त्यांचेच राहिले. तेही मारिया नव्हे, नुसते ‘आजी’. आज जगात जिथे जिथे हे झाड आहे, ते ओढ्याकाठच्या त्या एकाच झाडाच्या काडीची काडी आहे. म्हणून म्हणतो, आपल्या अंगणातल्या झाडाची काडी मागायला शेजारी आला, तर त्याला विन्मुख पाठवू नये. उद्या आपले नाव त्याच्याच कुंपणात जगायचे असेल!