आधी हप्ता, मग घर

घर घेताना प्रथम किंमत कळते आणि मग हप्ता झेपेल का, याचा हिशेब सुरू होतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात विद्यार्थ्यांनी हाच हिशेब उलट बाजूने मांडला.

ऑबर्न विद्यापीठातील सॅम्युएल मॉकबी व डी. के. रूथ या प्राध्यापकांनी १९९३ साली हेल काउंटी या गरीब ग्रामीण भागात ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. वास्तुकलेचे विद्यार्थी तेथील न्यूबर्न या लहानशा गावी येऊन राहतात, गरजू कुटुंबांच्या अडचणी समजून घेतात आणि त्यांच्यासाठी स्वतः घरे बांधतात. आरंभीची घरे देणग्यांतून उभी राहिली. ती देखणी होती. परंतु देणगी कितीजणांना पुरणार?

म्हणून २००५ मध्ये प्रश्नच बदलण्यात आला. केवळ सरकारी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या व्यक्तीला किती कर्ज फेडता येईल? उत्तर आले २०,००० डॉलर, म्हणजे दीर्घ मुदतीत दरमहा सुमारे १०० डॉलर. साहित्य, मजुरी आणि कंत्राटदाराचा नफा, सारे या रकमेतच बसवायचे होते. त्या भागातील गरिबांपुढे एरवी असतो तो कारखान्यात बनलेल्या ट्रेलर-घराचा पर्याय. त्याचे मूल्य मोटारीप्रमाणे घटत जाते. पक्के घर वारसांसाठी मालमत्ता म्हणून उरते.

विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनी आधीच्या घरातील उणिवा दूर करीत नवे नमुने उभारले. प्रत्येक घराला तेथे राहणाऱ्याचे नाव मिळाले. नमुन्याची घरे विनामूल्य दिली गेली. मात्र इतरांनी ती कर्ज काढून घ्यावीत, असे ठरताच खरी अडचण पुढे आली. लहान कर्जासाठीही मूल्यांकन, तपासणी व कागदपत्रे यांचा खर्च मोठ्या कर्जाइतकाच येतो आणि व्याजाचे उत्पन्न मात्र अल्प. त्यामुळे बँकांना अशा कर्जात रस नसतो. काही ठिकाणी बांधकामाचे नियमही मोठी घरे गृहीत धरूनच केलेले असतात. घर स्वस्तात बांधता आले, तरी धोरण बदलल्यावाचून ते गरिबाच्या हाती पडत नाही, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामातून उमगले.

पुढे साहित्याचे भाव वाढले आणि २०,००० चा आकडा मागे पडला. मूळ प्रश्न टिकून आहे. ‘फ्रंट पोर्च’ या उपक्रमाद्वारे स्टुडिओ आता अन्य गृहनिर्माण संस्थांना सोबत घेतो. तेथे परवडणे म्हणजे केवळ बांधकामाचा खर्च नव्हे. हप्ता, वीजबिल, विमा आणि दुरुस्ती यांची ती बेरीज असते. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने ही बेरीज एकदा कागदावर मांडावी.