दप्तर हलते, जबाबदारी हलत नाही

२०२५ सालच्या नरकचतुर्दशीला, म्हणजे २० ऑक्टोबरला, नरकासुराचे दहन आणि पोह्यांचा फराळ आटोपून गोवेकर दुपारच्या जेवणाकडे वळत होते. त्याच सुमारास अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनियामध्ये, जेथे अद्याप पहाटही झाली नव्हती, ॲमेझॉन कंपनीच्या संगणककेंद्रांच्या जाळ्यात बिघाड झाला. त्याचा परिणाम अमेरिकेपुरता राहिला नाही. ब्रिटनमधील करखात्याच्या संकेतस्थळावर आणि लॉइड्स बँकेच्या ग्राहकांवरही त्याची झळ पोहोचली. बिघाडाचे मूळ 'डायनॅमोडीबी' या माहितीसाठ्याच्या सेवेत होते. नोंदी जळाल्या नव्हत्या की चोरीस गेल्या नव्हत्या. त्या सेवेचा पत्ता लिहून ठेवणाऱ्या दोन स्वयंचलित यंत्रणा एकमेकींच्या मागेपुढे धावल्या आणि पत्त्याची जागा कोरी राहिली, एवढेच. घर जागच्या जागी, माणसे आत, पण पाटीच पुसली गेल्याने टपालवाल्याने माघारी जावे, तसा हा प्रकार. ती सेवा सुमारे तीन तासांत सावरली, पण तिच्यावर विसंबलेला सारा पसारा पूर्ववत होण्यास पंधरा तासांच्या आसपास लागले.

सरकारी कचेऱ्या, बँका, रुग्णालये आणि विमा कंपन्या आपली संगणकीय दप्तरे स्वतःच्या खोलीतील यंत्रावरून उचलून अशाच मेघसेवांकडे, म्हणजे रूढ शब्दांत क्लाऊडकडे, सोपवू लागल्या आहेत. केंद्र सरकारच्या 'मेघराज' उपक्रमालाही दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आज ना उद्या प्रत्येक नागरिकाच्या जन्माची, जमिनीची आणि ठेवीची नोंद या मार्गाने जाणार, हे उघड आहे. तेव्हा हे स्थलांतर म्हणजे नेमके काय आणि त्यात काय पणास लागते, याचा विचार केवळ तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही.

आजवरच्या बहुतेक संगणकीय दप्तरांचा पाया १९७० साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड या गणितज्ञाने घातला. माहिती तक्त्यांत मांडावी, तक्त्यांतील नाती नियमांनी बांधावीत आणि कोणताही व्यवहार अर्धवट राहू देऊ नये, असे हे शिस्तीचे शास्त्र आहे. एका खात्यातून शंभर रुपये वजा झाले तर ते दुसऱ्या खात्यात जमा झालेच पाहिजेत; मध्येच वीज गेली तर दोन्ही नोंदी रद्द समजाव्यात. ज्या खातेदाराची नोंद नाही त्याच्या नावावर ठेव लिहू पाहाल तर यंत्रच ती नाकारते. चांगला कारकून जी दक्षता पाळतो, तीच येथे यंत्राच्या अंगी मुरवलेली असते.

अडचण अशी की हे दप्तर परंपरेने एका मोठ्या यंत्रावर राहते. काम वाढले की अधिक मोठे यंत्र आणावे लागते, परवान्याचे शुल्क वाढते, आणि यंत्र बसले की सारी कचेरी बसते. विखुरलेल्या माहितीसाठ्याची कल्पना यातूनच पुढे आली. एकच दप्तर अनेक यंत्रांवर, अनेक ठिकाणी, अनेक प्रतींत ठेवावे. एक यंत्र कोसळले तर दुसऱ्याने काम उचलावे. कल्पना उत्तम आहे, पण ती फुकट मिळत नाही. समजा, एकाच नोंदवहीच्या दोन प्रती आहेत, एक पेडण्यात आणि दुसरी काणकोणात, आणि मधला संपर्क अचानक तुटला. आता पेडण्याच्या कारकुनासमोर दोनच वाटा उरतात. संपर्क जुळेपर्यंत काम थांबवावे, किंवा आपल्या वहीत लिहीत राहावे आणि दोन वह्यांत काही काळ मेळ नसेल हे पत्करावे. या पेचातून सुटका नाही, असे एरिक ब्रूअर या संगणकतज्ज्ञाने २००० साली मांडले आणि २००२ साली ते गणिताने सिद्ध झाले. कोणती नोंद आधीची आणि कोणती नंतरची हे दूरदूरच्या यंत्रांमध्ये ठरवण्यासाठी गूगल कंपनीला आपल्या 'स्पॅनर' या साठ्यात अणुघड्याळांचा आधार घ्यावा लागला, हे तिनेच २०१२ मध्ये जाहीर केले. म्हणजे हे निव्वळ जुने कपाट काढून नवे आणणे नव्हे. कचेरीचे नियमच येथे काही प्रमाणात बदलतात, आणि कोठे थांबणे परवडेल, कोठे विसंगती परवडेल, हा निर्णय यंत्राने नव्हे, दप्तराच्या मालकाने घ्यायचा असतो.

या बदलाला आमचा विरोध नाही. काळजीपूर्वक केल्यास तो साधतो, याचा दाखला खुद्द ॲमेझॉननेच दिला आहे. वर्षानुवर्षे तिचा व्यापार ओरॅकल कंपनीच्या डेटाबेसवर चालत असे. २००४ च्या नाताळाच्या हंगामात व्यवहार कोलमडल्यावर तिने स्वतःची विखुरलेली यंत्रणा उभारण्यास घेतली, २००७ मध्ये तिची रूपरेषा प्रसिद्ध केली, आणि २०१२ मध्ये ती इतरांना सेवा म्हणून विकण्यास काढली. ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या ग्राहकव्यापारातील ओरॅकलचा शेवटचा डेटाबेस बंद केल्याची घोषणा तिने केली. सुमारे साडेसात हजार डेटाबेस, ७५ पेटाबाइट माहिती आणि शंभरावर पथके, असा तो व्याप होता. खर्चात साठ टक्के बचत झाली, हा कंपनीचा स्वतःचा हिशेब आहे. आपलीच सेवा विकणाऱ्याचा तो हिशेब आहे, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. जगात या विद्येत ज्यांचा हात कोणी धरू नये, त्यांनीही हे काम एका रात्रीत उरकले नाही. पथकापथकाने, टप्प्याटप्प्याने, काही वर्षे घालवून ते केले.

घाईचे फळ ब्रिटनच्या टी.एस.बी. बँकेने चाखले. एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी तिने आपल्या ५२ लाख ग्राहकांचे दप्तर जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर मुख्यतः एका दमात हलवले. तेथे प्रश्न सार्वजनिक मेघसेवेचा नव्हता, स्थलांतराचा होता. पण धडा तोच आहे. विशेष म्हणजे माहिती सुखरूप पोहोचली होती. कोसळली ती तिला वागवणारी यंत्रणा. नवी व्यवस्था दोन माहितीकेंद्रांवर मिळून चालायची होती, पण पूर्ण भाराची चाचणी झाली ती एकाच केंद्रावर, असे नंतरच्या चौकशीत निष्पन्न झाले. एकोणीस लाखांपर्यंत ग्राहक आपल्याच पैशांपासून दूर राहिले, काहींना परक्यांची खाती दिसली, आणि घडी पूर्ण बसायला डिसेंबर उजाडला. बँकेला ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई द्यावी लागली आणि २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. आमच्या मते याहून महत्त्वाची घटना पुढच्या वर्षीची आहे. बँकेच्या तत्कालीन माहितीतंत्र-प्रमुखाला व्यक्तिशः ८१ हजार ६२० पौंड दंड झाला, कारण काम ज्या पुरवठादाराकडे सोपवले होते त्याच्या तयारीची खातरजमा त्याने पुरेशी केली नव्हती. काम दुसऱ्याला देता येते, जबाबदारी देता येत नाही, हे तत्त्व त्या निर्णयाने ठसवले.

प्रती अनेक आहेत म्हणून निश्चिंत राहावे, तर तेही भरवशाच्या म्हशीला टोणगा ठरू शकते. ऑस्ट्रेलियातील 'युनीसुपर' या निवृत्तिवेतन निधीचे सहा लाखांहून अधिक सभासद आहेत. मे २०२४ मध्ये गूगल क्लाऊडवरील त्याची खासगी व्यवस्थाच पुसली गेली. ती उभारताना एक रकाना कोरा राहिला होता. यंत्राने त्याचा अर्थ एक वर्षाची मुदत असा लावला आणि मुदत भरताच सारे आपोआप काढून टाकले. प्रती दोन भौगोलिक ठिकाणी होत्या, पण दोन्ही एकाच आज्ञेच्या टप्प्यात असल्याने दोन्ही गेल्या. निधी सावरला, त्यात दुसऱ्या सेवाकंपनीकडे राखलेल्या प्रतींचा वाटा मोठा होता. मग सारे आपल्याच सरकारी इमारतीत ठेवावे काय? दक्षिण कोरियाने तसे केले होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील राष्ट्रीय माहितीकेंद्रात बॅटऱ्या हलवण्याच्या कामात आग लागली, ७०९ सरकारी प्रणाली बंद पडल्या, आणि सरकारी नोकर ज्यात आपली कागदपत्रे ठेवत त्या 'जी-ड्राइव्ह'वरील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. तात्पर्य, घर स्वतःचे की भाड्याचे, हा येथे खरा प्रश्न नाही. दुसरी प्रत खरोखर दुसरीकडे, दुसऱ्याच्या कुलपात आहे की नाही, हा आहे.

आता हा विषय आपल्या दारात आणून पाहू. गोव्यातील जमिनीचा एक-चौदाचा उतारा संगणकावर येऊन बराच काळ झाला. १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली तयार झालेल्या या नमुन्यात मालकाबरोबर कुळाचे नाव असते, आणि 'इतर हक्क' या रकान्यात अनेकदा मुंडकाराच्या घराचा उल्लेख असतो. तो एक उल्लेख म्हणजे त्या कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर. पोर्तुगीज वळणाने लिहिलेले नायक आणि इंग्रजी वळणाने लिहिलेले नायक ही यंत्राला दोन माणसे वाटतात. उलट, एकाच नावाचे दोन चुलतभाऊ त्याला एक वाटू शकतात. ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये कोरा मजकूर आणि 'माहिती उपलब्ध नाही' हे एकच मानले जाते, तर इतर अनेक साठ्यांत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दप्तर हलवताना हा भेद कोणी ध्यानात घेतला नाही, तर कोऱ्या रकान्याचा अर्थ रातोरात बदलतो. काही विखुरलेल्या साठ्यांत तक्त्यांची नाती राखणारे जुने नियमच नसतात. ती दक्षता मग आज्ञावली लिहिणाऱ्याने घ्यायची असते. अशा चुका आगीसारख्या दिसत नाहीत. यंत्र चालू असते, उतारा निघत असतो, शिक्का बसत असतो. चूक कळते ती दहा वर्षांनी, मुंडकाराचा मुलगा मामलेदाराच्या कचेरीत उभा राहतो तेव्हा.

जुना कागदच बरा होता, असे म्हणण्याची मात्र सोय नाही. बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांसाठी गोवा सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. कागदही बदलता येतो, आणि कोणी केव्हा बदलला हे कागद सांगत नाही. नीट उभारलेला माहितीसाठा प्रत्येक फेरफाराची वेळ आणि फेरफार करणाऱ्याची ओळख टिपून ठेवू शकतो. म्हणूनच हा बदल व्हावा, पण कंत्राटदाराच्या सोयीने नव्हे, नागरिकाच्या सुरक्षिततेच्या अटींवर.

त्या अटी अवघड नाहीत. सारे दप्तर आधी उतरवून घ्यावे, त्यानंतर जुन्यात होणारा प्रत्येक बदल नव्यात पोहोचवत राहावा, आणि दोन्ही यंत्रणा काही काळ शेजारी शेजारी चालवून नोंदीगणिक ताळा जुळवावा. नोंदींची संख्या जुळली म्हणजे मजकूर जुळला असे होत नाही. क्षेत्रफळाचा दशांशही जुळला पाहिजे. एका तालुक्यापासून आरंभ करावा, आणि गडबड झाल्यास जुन्याकडे परतण्याची वाट ठरावीक मुदतीपर्यंत मोकळी ठेवावी. अंतिम बदलापूर्वी नागरिकांना आपला उतारा तपासून हरकत घेण्यास पुरेसा अवधी द्यावा, कारण आपल्या नोंदीतील चूक तिच्या धन्याइतकी कोणालाच चटकन दिसत नाही. एक प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडे राहावी, आणि ती खरोखर उघडते काय, हे वर्षातून निदान एकदा करून पाहावे. करारात आत जाण्याच्या दराबरोबर बाहेर पडण्याचा दरही लिहिलेला असावा. माहिती परत नेताना भरमसाट शुल्क लावून ग्राहकाला जखडण्याची रीत मोडण्यासाठी युरोपीय संघाने कायदा केला असून तो सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. आपल्या कचेऱ्यांनी तेवढी दूरदृष्टी निविदेतच दाखवावी. नाहीतर बैल गेला नि झोपा केला, अशी गत व्हायची.

आणि सर्वांत शेवटी, या साऱ्याला एक उत्तरदायी अधिकारी असावा. काम कोणाकडूनही करून घ्या, वैयक्तिक माहितीची जबाबदारी मूळ संस्थेचीच, हे तत्त्व आपल्या संसदेनेही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात स्वीकारले आहे. गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ साली स्थापन झाले. त्याचा पहिला रक्षक इतिहासकार दियोगो दो कौतो होता, हे चारशेहून अधिक वर्षांनंतरही सांगता येते. त्यानंतर राजवटी बदलल्या, भाषा बदलल्या, लिप्या बदलल्या. उद्या आपले दप्तर कोणत्या देशाच्या कोणत्या यंत्रावर असेल हे सामान्य माणसाला कळले नाही तरी चालेल. पण ते कोणाच्या सहीने हलले आणि चुकल्यास कोणाचे दार ठोठवायचे, हे त्याला कळलेच पाहिजे. तो रकाना कोरा ठेवून कोणतेही सरकारी दप्तर जागचे हलता कामा नये.