सरकी, बंदूक आणि सरकारी तिजोरी

कापसातून सरकी वेगळी करणारे करवती यंत्र बनविणारा अमेरिकेचा एली व्हिटनी पुढे बंदुकांचा कारखानदार झाला, हे यवतमाळच्या जिनिंगपुढे गाडी घेऊन ताटकळणाऱ्या कास्तकाराला कोणी सांगत नाही. 1798 मध्ये त्याने 10,000 बंदुकांचा सरकारी ठेका घेतला. मुदत दोन वर्षांची. आगाऊ रक्कम मिळाली, माल मात्र पुरा झाला 1809 मध्ये! सरकार थांबले. कोल्टचा पहिला कारखाना 1842 मध्ये बुडाला. मेक्सिकोच्या युद्धात, 1847 साली, 1,000 रिव्हॉल्व्हरांची सरकारी मागणी आली आणि धंदा सावरला. (ती घडली व्हिटनीच्याच मुलाच्या कारखान्यात.) खुल्या बाजाराचे गोडवे गाणाऱ्या देशाने शस्त्रधंदा असा सार्वजनिक पैशावर पोसला. 2005 मध्ये तर बंदुकीच्या गैरवापराबद्दल उत्पादक व विक्रेत्यांवरील बहुतेक दावे रोखणारा कायदाच झाला.

त्याच बंदुका 1861 च्या यादवीत धडाडल्या, अमेरिकेचा कापूस अडला आणि वऱ्हाडात भाव चढले. 1865 मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. 1972 ची कापूस एकाधिकार खरेदी योजनाही पुढे मोडीत निघाली. यवतमाळात एक हंगाम बुडाला की दारात वसुली येते. कास्तकार अकरा वर्षांची मुदत मागत नाही. हंगामाच्या आरंभीच खरेदी केंद्रे उघडा आणि सगळा कापूस हमीभावाने घ्या, एवढेच तो म्हणतो.