सुपारी, गालाचा ताठरपणा आणि कर्करोग

दावत आटोपली की सुपारीची तश्तरी फिरते. तंबाखू तर नाही, मग हरकत काय, असे मोठ्यांनाही वाटते. आमच्या चाळीसगावात तर शाळकरी मुलांच्या खिशातही रंगीत पुड्या सापडतात. या महिन्यात त्या पुडीविषयी बोलू या.

सुपारीतले ॲरेकोलीन गालाच्या आतल्या पेशींना कोलॅजनचे धागे जास्त बनवायला लावते. सुपारीतल्या तांब्यामुळे हे धागे एकमेकांत घट्ट बांधले जातात. मऊ गाल ताठर होतो, तिखट झोंबते, तोंड उघडेनासे होते. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ सालीच या आजाराची नोंद केली होती.

आता ताठरपणाचा कर्करोगाशी काय संबंध? पेशी भोवतालच्या धाग्यांना धरून सतत ओढून पाहते. जागा मऊ असेल तर ती शांत राहते. जागा ताठर असेल तर तिलाही जोर लावावा लागतो, आणि त्या ताणातून 'वाढ, पुढे सरक' असा इशारा आत पोहोचतो. २००५ मध्ये अमेरिकेत व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने स्तनाच्या पेशी जेलवर वाढवल्या. मऊ जेलवर त्या शिस्तीत राहिल्या, ताठर जेलवर त्यांची शिस्त मोडली.

ताठरपणा एकटाच गुन्हेगार नाही. सुपारीतली रसायने पेशींना थेट इजाही करतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००३ मध्ये तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे नजर ठेवली. त्यातल्या ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली. पण घरातली तश्तरी सरकार नाही, आपणच बदलू शकतो. तिच्यात बडीशेप ठेवा.

आज घरातल्या प्रत्येकाला तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी, एकावर एक, दातांमध्ये घालायला सांगा. ती जात नसतील, किंवा गाल आतून पांढुरका आणि कडक लागत असेल, तर मुलाला रागावत बसू नका. सुपारी त्याच दिवशी बंद करा आणि त्याला दाताच्या डॉक्टरांकडे न्या. ताठर झालेला गाल पूर्ववत होणे कठीण असते. म्हणून तो मऊ असतानाच जपायला हवा.